शिकारीचे नियम आणि अस्वलाचा जीव

दिवाळी अंकात एक तरी शिकारकथा असावी, अशी मराठी वाचकांची जुनी आवड आहे. मचाण, चांदणी रात्र, वाळक्या पाचोळ्यात वाजलेले पाऊल आणि शेवटच्या परिच्छेदात उडालेला एकच बार! चिवडा तोंडात टाकीत अशी कथा वाचण्यात जी गोडी होती, ती मीही पुष्कळ चाखली आहे. यंदा या सदरात मी शिकारीविषयीच लिहिणार आहे. मात्र जी गोष्ट प्रथम सांगणार आहे तिच्यात नायकाची बंदूक उडतच नाही. आणि ती उडाली नाही म्हणूनच ती गोष्ट जगभर गेली.

साल १९०२, महिना नोव्हेंबर. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीस गेले होते. त्यांचा वाटाड्या होता होल्ट कॉलियर. हा गुलामगिरीत जन्मलेला काळा माणूस. त्या मुलखात अस्वलांची माहिती असलेला त्याच्यासारखा दुसरा कोणी नव्हता. त्याने अध्यक्षांना एका मोक्याच्या जागी बसविले आणि कुत्री घेऊन तो रानात शिरला. दुपार झाली, अस्वल येईना. अध्यक्ष कंटाळून जेवणासाठी तळावर परतले. नेमके त्यानंतर कुत्र्यांनी एका अस्वलाला पाणवठ्याशी गाठले. अस्वलाने एका कुत्र्याला जीवे मारले. कॉलियरला गोळी घालता येईना, कारण पहिले अस्वल अध्यक्षांसाठी राखलेले! त्याने बंदुकीच्या दस्त्याने अस्वलाच्या डोक्यात तडाखा हाणला, दोराचा फास टाकून त्याला झाडाला बांधले आणि अध्यक्षांना बोलावणे पाठविले.

रूझवेल्ट आले. समोर रक्तबंबाळ, अर्धमेले, झाडाला जखडलेले जनावर. मंडळी म्हणाली, घाला गोळी. त्यांनी साफ नकार दिला. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे हे खिलाडूपणाचे नाही, असे त्यांचे म्हणणे. दोनच दिवसांनी क्लिफर्ड बेरीमन या व्यंगचित्रकाराने 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये हा प्रसंग रेखाटला. ब्रुकलिनमधील मॉरिस मिक्टम या दुकानदाराने त्यावरून कापडी अस्वल शिवून दुकानात मांडले, आणि अध्यक्षांच्या लाडक्या नावावरून ते 'टेडी' झाले. आपल्या घरोघरच्या काचेच्या कपाटात जे टेडी बेअर बसलेले असते, त्याचे कूळ हे असे आहे.

इथपर्यंतची कथा मुलांच्या पुस्तकांत सापडते. पुढचे वाक्य मात्र बहुधा गाळलेले असते. रूझवेल्टांनी गोळी घातली नाही, हे खरे. पण अस्वल सुटले नाही. त्याचे हाल संपवावे म्हणून त्यांनी त्याला मारून टाकण्यास सांगितले, आणि ते सुरीने मारले गेले. पाच वर्षांनी, १९०७ साली, लुइझियानाच्या वेतबनात याच कॉलियरला बरोबर घेऊन रूझवेल्टांनी रीतसर पाठलाग करून एक अस्वल मारले.

आता वाचकांनीच सांगावे, १९०२ सालच्या त्या नियमाचा फायदा कोणाला झाला? शिकाऱ्याची अब्रू राहिली. अस्वलाला काय मिळाले? गोळीऐवजी सुरी.

एवढे म्हणून रूझवेल्टांना ढोंगी ठरवून मोकळे होणे फार सोपे आहे. मी तसे करणार नाही. त्या काळची अमेरिका डोळ्यांपुढे आणली पाहिजे. रेल्वे आणि तार यांच्या जोरावर तेथे बाजारासाठी शिकार चालली होती. गव्यांचे अफाट कळप काही वर्षांत संपले होते. अशा वेळी १८८७ साली रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी 'बून अँड क्रॉकेट क्लब' काढला. या मंडळींनी 'फेअर चेस' म्हणून एक कल्पना उचलून धरली. तिचा अर्थ असा की, सावज रानात मोकळे असले पाहिजे, पळण्याची वाट त्याला राहिली पाहिजे आणि शिकाऱ्याने गैरवाजवी फायदा घेता कामा नये. आज हे बाळबोध वाटेल. पण ज्या देशात जनावर म्हणजे फुकटचा माल समजत, तेथे 'मला शक्य आहे तरी मी करणार नाही' असे बंदूकवाल्याने म्हणणे, ही लहान गोष्ट नव्हती. शिकारीचा हंगाम, परवाना, राखीव वने यांचे कायदे करण्यात अशाच शिकाऱ्यांचा मोठा हात होता. १९३७ पासून तर बंदुका आणि काडतुसे यांवरील कराचा पैसा तेथील राज्यांच्या वन्यप्राणी खात्यांकडे जातो. शिकाऱ्याच्या पैशावर रानाची राखण, असा तो अजब संसार आहे.

आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांतही असा अलिखित धर्म होता. पाणवठ्यावर जनावर पाणी पीत असता बार टाकू नये, पिलांच्या आईवर नेम धरू नये आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे जखमी सावज मागे टाकून घरी येऊ नये. हे सर्वांनी पाळले असे नाही. पण जो पाळीत नसे त्याच्याविषयी गावात काय बोलत, ते मी लहानपणी ऐकले आहे.

अस्वलाच्या शिकारीचे आजचे कायदे मी चाळून पाहिले, तेव्हा त्यांचे तीन ढीग पडतात असे दिसले.

पहिला ढीग अस्वलांच्या वंशासाठी. अमेरिकेतील काळ्या अस्वलाची मादी फार सावकाश वाढणारा संसार करते. जोडी जमते उन्हाळ्यात. पण गर्भ गर्भाशयात रुजतो हिवाळ्याच्या तोंडाशी, आणि तोही तिच्या अंगावर पुरेशी चरबी चढली असेल तर! जानेवारीच्या सुमारास गुहेत पिले होतात आणि दीड वर्षाच्या आसपास ती आईबरोबर राहतात. म्हणजे एका मादीला सर्वसाधारणपणे वर्षाआड एक वेत. अशा प्राण्याच्या माद्या बेसुमार मारल्या तर वंश सावरायला फार काळ लागतो. म्हणून हंगाम ठरलेला, संख्या ठरलेली, बऱ्याच राज्यांत पिले बरोबर असलेली मादी मारण्यास मनाई. मारलेल्या अस्वलाची नोंद करावयाची आणि अनेक ठिकाणी त्याचा एक दातही सरकारात जमा करावयाचा. दाताचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळे दिसतात आणि वय कळते.

दुसरा ढीग त्या एका जनावराच्या वेदनेसाठी. हत्यार पुरेशा ताकदीचे हवे, अंधारात बार नको, जखमी झाले तर माग काढलाच पाहिजे.

तिसरा ढीग शिकाऱ्याच्या इभ्रतीसाठी. अलास्कात ज्या दिवशी तुम्ही छोट्या विमानातून रानावर घिरट्या घातल्या, त्या दिवशी अस्वलाची शिकार करता येत नाही. वरून हेरायचे आणि खाली उतरून मारायचे, हे चालत नाही. मांसाचाही नियम आहे. तेथील बऱ्याच भागांत वसंत ऋतूत मारलेल्या काळ्या अस्वलाचे मांस रानात टाकून येणे गुन्हा आहे. तपकिरी अस्वलाचे मात्र बहुतेक ठिकाणी कातडे आणि कवटी आणली की पुरते. मांस आणलेच पाहिजे असे नाही. या एका फरकावरून कोणत्या अस्वलाला 'अन्न' म्हणतात आणि कोणत्याला 'मानचिन्ह', ते ध्यानात येते.

हे तीन ढीग वेगवेगळे आहेत, इतकेच नव्हे तर ते कधीकधी एकमेकांच्या विरुद्ध जातात. हे मला माझ्या पुतण्यामुळे कळले.

हा पुतण्या अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात राहतो. घट्ट जंगलाचा मुलूख. अस्वलांची संख्या त्या वेळी तीस हजारांच्या घरात धरीत. २०१४ च्या नोव्हेंबरात तेथे सार्वमत झाले. प्रश्न असा की, आमिष ठेवून, कुत्री लावून किंवा फासा लावून अस्वल मारण्यास बंदी घालावी काय? मतदानाच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"काका, तुम्ही काय केले असते?"

मी म्हटले, "अरे, आधी आमिष म्हणजे काय ठेवतात ते सांग."

"शिळे डोनट! गोड वड्यांसारखे असतात ते. पिंपात भरून रानात ठेवतात. अस्वल रोज येऊ लागते. मग हंगाम उघडला की शेजारच्या झाडावर बसून मारतात."

मी म्हटले, "मग यात विचार कसला? पाहुण्याला जेवायला बोलवायचे आणि पानावर बसला की मारायचे! याला शिकार म्हणायचे?"

"मलाही तसेच वाटत होते," तो म्हणाला, "पण आमचा शेजारी शिकारी आहे. त्याचे म्हणणे ऐका. तो म्हणतो, या रानात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. आमिषाशिवाय हिंडलो तर अस्वल दिसेल ते क्षणभर, पळताना. त्या घाईत मादी की नर, मागे पिले आहेत की नाहीत, काही कळणार नाही. नेम चुकेल, जखमी होऊन जाईल. पिंपाशी आले म्हणजे मी त्याला दहा मिनिटे न्याहाळतो. पिले दिसली तर बंदूक खाली ठेवतो. मारलेच तर एका गोळीत. आता सांगा, दयाळू कोण? मी की तो खिलाडू?"

वाचकहो, मी फोन धरून गप्प राहिलो. कारण शेजाऱ्याच्या बोलण्यात तथ्य होते. ज्या पद्धतीत शिकाऱ्याची इभ्रत सर्वांत कमी, तिच्यात जनावराला वेदना कदाचित सर्वांत कमी. आणि ज्या पद्धतीत सामना बरोबरीचा, तिच्यात जखमी होऊन मरण्याचे भय अधिक. कुत्र्यांचेही तसेच आहे. आज कुत्र्यांच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारे पट्टे असतात. मालक गाडीत बसून पडद्यावर पाहतो, अस्वल झाडावर चढले की जाऊन मारतो. हे ऐकले की रूझवेल्टांचे बांधलेले अस्वल आठवते. पण कुत्रीवालेही म्हणतात की, झाडावर चढलेले अस्वल नीट पाहून सोडून देता येते.

मात्र शेजाऱ्याच्या युक्तिवादात एक फट होती. मारायचेच आहे असे गृहीत धरले तर तो बरोबर होता. ते गृहीत त्याला कोणी दिले? त्याच्या घरी अन्नाची ददात नव्हती. मी पुतण्याला म्हटले, "त्याला एवढेच विचार की, दहा मिनिटे न्याहाळल्यावर त्याला ते अस्वल नको का वाटत नाही?"

त्याने विचारले. शेजारी रागावला नाही. म्हणाला, काही वर्षी खरोखरच नको वाटते, आणि त्या वर्षी मी मारीत नाही.

मतदानानंतर पुतण्या म्हणाला, "काका, फासा मला नकोच होता, कुत्री नको होती, आमिषाविषयी मन द्विधा होते. पण प्रश्न तीन आणि उत्तराचा चौकोन एकच!" बंदीचा प्रस्ताव पडला. सुमारे त्रेपन्न टक्के लोकांनी नको म्हटले. दहा वर्षांपूर्वी, २००४ मध्येही तो असाच पडला होता.

इतर ठिकाणी लोकांनी वेगळा निवाडा दिला. कोलोरॅडोत १९९२ सालीच मतदारांनी आमिष, कुत्री आणि वसंतातली शिकार या तिन्हींवर बंदी आणली. वसंतात मादी मेली की अंगावर पिणारी पिले गुहेत उपाशी मरतात, हा मुद्दा लोकांना पटला. शरदातली पायी शिकार तेथे चालू राहिली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताची हकिकत याहून बोलकी आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तेथील सरकारने जाहीर केले की, ग्रिझली अस्वल मानचिन्हासाठी मारता येणार नाही. मांसासाठी मारता येईल, मात्र डोके, पंजे आणि कातडे घरी नेता येणार नाही. लोकांची मते मागविली, तेव्हा बहुसंख्यांना ही पळवाट वाटली. डिसेंबरात सरकारने ग्रिझलीची परवानाधारक शिकार पूर्ण बंद केली. मूळ रहिवाशांचा अन्नासाठी आणि धर्मविधींसाठी असलेला हक्क तेवढा राखला. कातड्याचा मोह काढून घेतला की किती शिकारी उरतात, याची परीक्षा होण्याची वेळच आली नाही.

फ्लॉरिडाचा अनुभव मात्र सरकारी हिशेबाला चांगलाच चटका लावून गेला. एकवीस वर्षांच्या खंडानंतर २०१५ च्या ऑक्टोबरात तेथे शिकार उघडली. परवाने विकले तीन हजार सातशेंवर; मर्यादा ३२० अस्वलांची; मुदत सात दिवसांची. दोनच दिवसांत ३०४ अस्वले पडली आणि हंगाम गुंडाळावा लागला. नियम होते, पण माणसे आणि बंदुका यांचा हिशेब नव्हता. दहा वर्षांनी, २०२५ च्या डिसेंबरात, शिकार पुन्हा उघडली तेव्हा परवाने फक्त १७२ आणि तेही सोडत काढून. अर्जाला पाच डॉलर. तेव्हा शिकारविरोधी मंडळींनीही भराभर अर्ज टाकले. परवाना लागला की तो खणात ठेवून द्यायचा, म्हणजे तेवढे एक अस्वल वाचले! सत्याग्रहाचा हा प्रकार वाचून मला मनापासून हसू आले आणि कौतुकही वाटले.

पुन्हा त्या मिसिसिपीकडे वळू. त्या खोऱ्यातील अस्वलांचे पुढे काय झाले? रूझवेल्टांचा खिलाडूपणा त्यांना वाचवू शकला नाही, आणि त्यांना संपविले ते एकट्या बंदुकीनेही नव्हे. नदीकाठची दाट अरण्ये कापूस आणि सोयाबीनसाठी तोडली गेली. लुइझियानाचे काळे अस्वल इतके दुर्मिळ झाले की १९९२ साली त्याला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घालावे लागले. झाडे पुन्हा लावली, माद्या नव्या रानात सोडल्या, तेव्हा २०१६ साली ते यादीतून निघाले. आणि २०२४ च्या डिसेंबरात त्याच लुइझियानात मोजक्या परवान्यांवर शिकार पुन्हा सुरू झाली. एवढ्या कष्टाने वाचविले ते यासाठीच काय, असे कोणी विचारील. शिकारी म्हणतील, वाचले म्हणूनच आता मारता येते. दोन्ही वाक्ये एकाच अस्वलाविषयी आहेत.

आपल्याकडे हा वाद १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटविला. आपले काळे, लांब केसांचे, वाळवी चाखणारे अस्वल आज त्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. हौसेखातर त्याला मारण्याचा प्रश्नच नाही. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरले किंवा बरे न होण्याइतके जखमी अथवा रोगी झाले, तरच मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकमाने त्याला मारता येते. स्वतःचा जीव वाचविताना प्रामाणिकपणे मारले गेले तर तो गुन्हा नाही. आमच्या लहानपणी दारावर येणारा दरवेशी आणि त्याचे नाचणारे अस्वलही आता इतिहासजमा झाले. त्या एका पिलासाठी रानात त्याची आई मारली जात असे, हे आम्हा पोरांना कोण सांगणार?

हे सर्व चांगलेच झाले. पण आपण शहरात राहणाऱ्यांनी त्याबद्दल पाठ थोपटून घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत, मेळघाटात, चंद्रपूरच्या रानात अस्वले आहेत आणि त्यांच्या शेजारी माणसेही आहेत. चैत्रात पहाटेच्या अंधारात मोहाची फुले वेचायला बाया जातात. अस्वलालाही मोह प्रिय. पुढे तेंदूपानांचा हंगाम. अस्वलाला दूरचे नीट दिसत नाही. माणूस अचानक समोर आला की ते पळण्याऐवजी अंगावर येते, आणि पाठीवर पिले बसलेली असली तर विचारूच नये. त्याचा पंजा नेमका चेहऱ्यावर पडतो. त्या बाईने कधी अस्वलाची शिकार केलेली नसते. अस्वल वाचवावे हा ठराव तुम्ही आम्ही केला. त्याची किंमत ती देते. तिला नुकसानभरपाई वेळेवर मिळणे, गावाजवळ दवाखाना असणे, उजाडल्यावर टोळीने रानात जाण्याची सोय होणे, हे न मारण्याचे नियम आहेत. मारण्याच्या नियमांइतकेच ते काटेकोर असावयास हवेत.

माझे मत विचाराल तर ते असे. पोटासाठी मारणारा आणि जीव वाचविण्यासाठी मारणारा, यांच्याशी माझे भांडण नाही. खेळ म्हणून अस्वल मारणे मला पटत नाही. कारण खेळ म्हटला की दोन्ही पक्षांनी तो कबूल केलेला असावा लागतो, आणि अस्वलाला कोणी विचारलेले नसते. पण जेथे लोकांनी शिकारीला मान्यता दिली आहे, तेथील नियमांना मी नाके मुरडणार नाही. प्रत्येक नियमाला एवढेच विचारीन की, बाबा, तू कोणासाठी आहेस? वंशासाठी असशील तर आकडे दाखव. वेदनेसाठी असशील तर सर्वांआधी तुझा मान. आणि नुसता शिकाऱ्याच्या इभ्रतीसाठी असशील, तर तसे स्पष्ट सांग. अस्वलावरचे उपकार म्हणून मिरवू नकोस.

मेनमधील तो शेजारी आता थकला आहे, असे पुतण्या परवा सांगत होता. पिंपे भरणे त्याने सोडले. हंगामात अजून झाडावर जाऊन बसतो. बंदूकही बरोबर नेतो. "मग मारतो का?" मी विचारले. पुतण्या म्हणाला, "ते मी विचारीत नाही, काका. तो सांगतो ते अस्वल कसे आले, कसे बसले, पिले किती होती, एवढेच."